गोल खड्डा म्हणजे क्रेटर का? विदर्भातल्या एका गावातल्या 'दुसऱ्या लोणार'चं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण वाशीम आणि यवतमाळच्या मधल्या पट्ट्यातल्या एका गावाचं आहे. गावाचं नाव देत नाही, माणसांची तर नाहीच, कारण यात एका कास्तकाराच्या वावराचा विषय आहे आणि मधल्या काळात त्यांना लोकांचा जो त्रास झाला तो परत नको व्हायला. मी तालुक्याच्या ठिकाणी ज्युनियर कॉलेजला भूगोल शिकवतो, आणि या प्रकरणात मी होतो ते एका जुन्या विद्यार्थ्यानं फोन केला म्हणून.

पोरगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं तेव्हा गावातल्या शाळेच्या टीव्हीवर सगळ्यांनी मिळून पाहिलं होतं, तेव्हापासून याला चंद्राचे आणि मंगळाचे फोटो पाहायचा नाद लागला. दिवसभर मोबाईलवर क्रेटर, म्हणजे उल्का आदळून झालेले खड्डे पाहायचे, मग गूगल मॅपवर आपलं उल्केनं झालेलं लोणार पाहायचं, आणि असंच एकदा लोणारवरून बोट सरकवत सरकवत स्वतःच्या गावावर आला तर गावाच्या उगवतीला एक गोल डाग दिसला. साधारण साडेतीनशे मीटर रुंद, कडेला फिकट पट्टा, मध्ये काळी जमीन. त्यानं मला स्क्रीनशॉट पाठवला आणि लगेच फोन, "सर, हे पाहा जी, पूरं गोल हाय, कंपासनं काढल्यावानी!"

फोटो खरोखरच चांगला होता. जागेवर गेलं की एवढं ठसठशीत नाही दिसत. बरडावरून उतरताना जमीन खाली खाली जाते, मधला भाग आजूबाजूपेक्षा पंचवीसेक फूट खोल आहे, तिथं सोयाबीन आणि तूर असते, पावसाळ्यात महिना-दीड महिना पाणी साचून राहते. पूर्वेला आणि दक्षिणेला कडा उंचावलेली, त्यात मुरूम आणि गोटे सगळे एकमेकांत मिसळलेले. लोणार पाहिलेल्या माणसाला हे पाहून धडधड होणारच. मलाही झाली.

आणि आपल्या भागात आकाशातून काही पडणं ही नुसती ऐकीव गोष्ट नाही. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी अख्ख्या विदर्भानं आकाशात जळत जाणारी रांग पाहिली आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडे तीनेक मीटरची धातूची रिंग येऊन पडली. ते रॉकेटचे अवशेष होते, उल्का नाही, पण ते दृश्य लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. त्यात लोणार हाकेच्या अंतरावर. त्यामुळे 'आमच्याही गावात पडली असंन' हे पटायला कोणालाच वेळ लागला नाही.

प्रश्न काय होता

वरवर प्रश्न एकच, हा खड्डा उल्केच्या आघातानं झालेला आहे का. पण गावात त्याचे तीन वेगळे प्रश्न झाले होते आणि ते तीनही एकाच वेळी सोडवायचे होते, हे मला पहिल्या बैठकीतच कळलं.

सरपंचताईंना वाटत होतं की गावाला पर्यटनाचा निधी मिळू शकतो, रस्ता होऊ शकतो. त्यांचं म्हणणं साधं होतं, "सर, गावात काई येत असंन तं येऊ द्या ना, आमच्या गावाले कोण इचारते आतालोक." त्यात चूक काही नाही. ज्या गावात एसटी दिवसातून दोनदा येते त्या गावानं आशा का करू नये.

दुसरीकडे वावराचे मालक, आबाजी. सत्तरीच्या पुढचे. लोणारला अभयारण्य झालं, २०२० मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आलं, काठाच्या आसपास बांधकामावर बंधनं आहेत हे त्यांनी ऐकलेलं. ते म्हणाले, "माह्या वावरात उल्का पडो का नाई पडो, पन उद्या मले पेरू देतीन का नाई, हे सांगा पहिले." याचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडे नव्हतं.

तिसरा प्रश्न त्या पोराचा, आणि माझाही, म्हणजे विज्ञानाचा. आणि तो वाटतो तेवढा सोपा नाही.

कारण गोल असणं हा पुरावाच नाही. मंगळावर ऑलिम्पस मॉन्सच्या माथ्यावर मोठाले गोल खड्डे आहेत, ते ज्वालामुखीचा माथा खचून झालेले आहेत. चंद्रावर मरियस हिल्सजवळ आणि मारे ट्रँक्विलिटॅटिस या काळ्या मैदानात गोल विवरं सापडलीत, ती लाव्हाच्या बोगद्याचं छत कोसळून झाली असावीत. गुरूचा चंद्र आयो तर अख्खा खड्ड्यांनी भरलेला दिसतो, पण त्यातला एकही आघाताचा म्हणून ओळखता आलेला नाही, तिथं ज्वालामुखी इतके चालू आहेत की जुनं सगळं बुजून जातं. निसर्ग गोल आकार किती तरी वेगवेगळ्या वाटांनी बनवतो. चंद्रावरच्या क्रेटरबद्दल आपण आकारावरून बोलू शकतो कारण तिथं हवा नाही, पाऊस नाही, नाले नाहीत, आणि खड्डा नवा असला की खोली रुंदीच्या साधारण पाचवा हिस्सा, कडा सगळीकडून उचललेली, असा ठराविक साचा भेटतो. आपल्याकडे लाखभर वर्षांचा पाऊस मध्ये येतो.

आमचा खड्डा साडेतीनशे मीटरला पंचवीस फूट, म्हणजे उथळच. पण यावरून 'नाही' म्हणता येत नव्हतं. खुद्द लोणार १.८ किलोमीटर रुंद आणि काठापासून दीडशे मीटर खोल दिसतं, त्याच्या तळाखाली गाळ साचलाय तो वेगळा. गाळ भरून उथळ झालं असंन, हा पोराचा मुद्दा रास्त होता.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय पोरांना हवा होता, सरळ जाहीर करून टाकायचं. पत्रकार बोलवायचे, ड्रोन उडवायचा, व्हिडिओ टाकायचा, मग सरकार आपोआप येईन. खरं सांगायचं तर अर्धं काम आधीच होऊन गेलं होतं, 'विदर्भात दुसरं लोणार सापडलं' असा मेसेज तालुक्याच्या सगळ्या ग्रुपवर फिरत होता आणि बाहेरगावचा एक जण येऊन आबाजींच्या तुरीत फिरून व्हिडिओ करून गेला होता.

दुसरा पर्याय, नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्राचं ऑफिस आहे, तिथं ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर पत्र द्यायचं आणि वाट पाहायची. हा रस्ता सर्वात सरळ. पण पत्रात लिहायचं काय, 'गूगल मॅपवर गोल दिसते' एवढंच? असे गोल डाग देशभर लोकांना दिसत असतात. पृथ्वीवर आतापर्यंत पक्के सिद्ध झालेले आघाती क्रेटर सुमारे २०० आहेत, भारतात लोणारशिवाय मध्यप्रदेशातलं ढाला आणि राजस्थानातलं रामगढ, बस. हातात काही तरी ठोस घेऊनच गेलं पाहिजे असं मला वाटत होतं.

तिसरा पर्याय आबाजींचा, विषयच बंद करा. मेसेज फिरला नसता तर हाही चालला असता, पण आता बंद केला असता तर अफवा तशीच जिवंत राहिली असती आणि उलट 'काही तरी लपवून राहिले' असं झालं असतं.

मग चौथं ठरलं. पेरणीच्या आधी जेवढा वेळ आहे तेवढ्यात गावातल्या गावात, खर्च न करता, जे तपासता येते ते तपासायचं, आणि तोपर्यंत कोणीही नवीन पोस्ट टाकायची नाही. आबाजींची अट होती की वावरात त्यांना विचारल्याशिवाय कोणी पाय ठेवणार नाही आणि कुदळ तर अजिबात नाही. ती अट सगळ्यांसमोर कबूल केली. माझ्या मते या पूर्ण प्रकरणातला हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय होता, कारण त्यानंतर आबाजी विरोधात राहिले नाहीत, उलट तेच पुढे चावी ठरले.

काय केलं

सुरुवात पोरांनी चुंबकापासून केली. जुन्या स्पीकरमधलं चुंबक दोरीला बांधून वावराच्या कडेनं फिरवलं, त्याला काळी बारीक पूड चिकटून आली, आणि जल्लोष. उल्केचं लोखंड! पण ही पूड विदर्भातल्या कोणत्याही नाल्याच्या रेतीत मिळते. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाइट या लोखंडाच्या खनिजाचे कण असतातच, दगड झिजला की ते मोकळे होऊन पाण्यानं एका जागी जमतात. पोरांना मी तोंडी सांगितलं नाही, त्यांना गावाच्या दुसऱ्या टोकाच्या नाल्यात आणि शाळेच्या मैदानात तेच चुंबक फिरवायला लावलं. सगळीकडे पूड आली. ते स्वतःच गप्प झाले.

चुंबकाच्या भरवशावर मोठी माणसंही फसलेली आहेत, उलट्या बाजूनं. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या क्रेटरवर १८९१ मध्ये गिल्बर्ट नावाचे नावाजलेले भूवैज्ञानिक गेले, त्यांचा विचार असा की लोखंडी उल्का खाली गाडलेली असंन तर चुंबकसुई हलली पाहिजे. सुई हलली नाही. त्यांनी निष्कर्ष काढला की हा खड्डा वाफेच्या स्फोटानं झाला. उल्का आदळताना बहुतेक वितळून आणि उडून जाते हे तेव्हा कोणाला माहीतच नव्हतं. गंमत अशी की याच गिल्बर्टनी पुढं चंद्रावरचे खड्डे आघाताचे आहेत असं बरोबर मांडलं. अ‍ॅरिझोनाचा निकाल लागायला १९६० उजाडलं, शूमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथल्या वाळूच्या दगडात कोएसाइट सापडलं, म्हणजे क्वार्ट्झचं (गारेच्या खनिजाचं) असं रूप जे प्रचंड दाबाशिवाय होत नाही.

आता आपली अडचण ही की आपल्या बेसाल्टमध्ये सहसा क्वार्ट्झच नसते. पोकळ्यांमध्ये गारगोटी भरलेली असते ती नंतरची. मग लोणारचं कसं ठरलं? तिथं प्लाजिओक्लेज नावाच्या खनिजानं साक्ष दिली. फार मोठ्या धक्क्यात या खनिजाची आतली रचना मोडते आणि ते न वितळताच काचेसारखं होते, त्याला मास्केलिनाइट म्हणतात. १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी लोणारच्या दगडात ते दाखवलं आणि ज्वालामुखी की उल्का हा वाद मिटला. आणि हे मास्केलिनाइट जगात पहिल्यांदा ओळखलं गेलं ते बिहारमध्ये शेरघाटीला २५ ऑगस्ट १८६५ ला पडलेल्या उल्केत. ती उल्का मंगळावरची आहे, हे शंभरेक वर्षांनी कळलं. हे मी पोरांना सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, "म्हंजे मंगळावरचा गोटा अन् लोणारचा गोटा एकाच कामातून गेले सर?" हो, अगदी बरोबर. मंगळाचा, चंद्रावरच्या काळ्या मैदानांचा आणि आपल्या वावरातला दगड एकाच घराण्यातला आहे, म्हणून तर जगातले शास्त्रज्ञ लोणारला येतात. बेसाल्टमध्ये इतका चांगला टिकलेला आघाती क्रेटर पृथ्वीवर फार दुर्मिळ, ब्राझीलमध्ये व्हार्जियाओ आणि व्हिस्टा अलेग्रे आहेत पण ते बरेच झिजलेले.

तर मग आम्ही कडेवरच्या मिसळलेल्या गोट्यांपैकी काही, आबाजींना दाखवून, उचलले आणि नागपूरला माझ्या ओळखीच्या भूगर्भशास्त्राच्या एका मॅडमकडे पाठवले. त्यांनी थिन सेक्शन, म्हणजे दगडाचे अगदी पातळ काप करून पाहिले. मायक्रोस्कोपखाली प्लाजिओक्लेजचे पट्टे जसेच्या तसे होते, कुठं काच नाही, कुठं धक्क्याची खूण नाही. साधा बेसाल्ट.

इथं थांबून 'नाही' म्हणून मोकळं व्हायचा मोह होता. पण मॅडमनीच अडवलं. त्या म्हणाल्या की खुद्द लोणारला काठावरचा कुठलाही गोटा उचलला तर त्यात बहुतेक वेळा काहीच भेटणार नाही, धक्का बसलेला माल थोडाच असतो आणि तो नेमक्या जागी असतो. चार-सहा गोट्यांत नाही दिसलं म्हणजे नाहीच, असं नसते. मग विचारलं, पक्कं कशानं ठरते? त्या म्हणाल्या, थर पाहा.

आणि इथून प्रकरण फिरलं.

आपला विदर्भाचा हा भाग म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर. एक थर येऊन थंड झाला, मध्ये काळ गेला, वरची बाजू झिजून तांबडी झाली, त्यावर दुसरा थर आला. तो तांबडा पट्टा विहिरीत स्पष्ट दिसतो. आता उल्का आदळून खड्डा झाला तर हे आडवे थर तसेच राहूच शकत नाहीत. कडेला ते वर उचलले जातात आणि बाहेरच्या बाजूला कलतात, अगदी काठावर तर उलटे पडतात. लोणारच्या काठावर हे उघड्या डोळ्यांनी दिसते. आणि खड्ड्याच्या आत तर थर उरतच नाहीत, सगळा चुरा. साडेतीनशे मीटरचा खड्डा झाला असता तर मुळात तो साठ-सत्तर मीटर खोल असता आणि त्याच्याही खाली फुटलेल्या दगडाचा जाड थर असता.

थर पाहायचे तर खोदावं लागते, आणि खोदायला पैसे नव्हते, परवानगी नव्हती. पण गावात विहिरी होत्या! खड्ड्याच्या चारी बाजूनं डझनभर तरी, आणि त्यातली एक आबाजींची जुनी विहीर, तीही खड्ड्याच्या आत, मधल्या भागाच्या जवळ. इतके दिवस तिच्या काठावर बसून आम्ही चहा पिलो होतो.

विहिरी खोदण्यात आयुष्य गेलेले एक मामाजी गावात आहेत. त्यांना बोलावलं. कोणत्या विहिरीत काय लागलं हे त्यांना तोंडपाठ. वर मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे ठिसूळ दगड, मग तांबडा, मग काळा फत्तर. "तांबडा लागला का तिथं बांधकाम कराच लागते, नाई तं इहीर ढासयते," असं सांगत त्यांनी एकेका विहिरीचा तांबडा पट्टा किती फुटावर होता ते बोलून दाखवलं. पोरांनी लिहून घेतलं, मग उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं होतं म्हणून दोरीला गाठी मारून स्वतः मोजलं. काही विहिरी आतून बांधलेल्या, तिथं मामाजींचाच शब्द धरला, आणि तसं वहीत वेगळ्या शाईनं लिहिलं.

पण विहिरीच्या तोंडापासून मोजलेली खोली तशीच वापरता येत नाही, कारण जमीन वरखाली आहे. सगळ्या विहिरींची तोंडं एका पातळीशी जोडायला पाहिजेत. मोबाईलवर उंची दाखवणारं अ‍ॅप वापरून पाहिलं, त्याचे आकडे एकाच जागी उभं राहून दहा-पंधरा फुटांनी बदलत होते, त्याचा काही उपयोग नाही. मग गावातल्या गवंडीभाऊंनी आपली पाण्याची लेव्हल-नळी काढली. मारुतीच्या पाराचा ओटा शून्य धरला आणि तिथून टप्प्याटप्प्यानं, धुऱ्याधुऱ्यानं, प्रत्येक विहिरीपर्यंत लेव्हल नेली. काम कंटाळवाणं, ऊन कडक, पण या कामाला सगळ्यात जास्त माणसं आली, बायाही आल्या, कारण हे सगळ्यांना समजत होतं.

वहीत आकडे मांडले तेव्हा बाहेरच्या विहिरींत तांबडा पट्टा जमिनीपासून पस्तीस ते चाळीस फुटांवर, आणि आबाजींच्या विहिरीत बारा-तेरा फुटांवर. पहिल्या नजरेत पोरं खूश झाली की पाहा, आत वेगळं आहे! पण लेव्हल जोडली तर आतली जमीनच पंचवीस फूट खाली. म्हणजे पट्टा सगळीकडे जवळपास एकाच पातळीवर, एका बाजूला हलकासा उतार, तोही सगळीकडे सारखा. काठाजवळ उचललेला नाही, आत तुटलेला नाही. आबाजींच्या विहिरीत उतरून पाहिलं तर तांबडा, आणि त्याच्या खालचा काळा फत्तर, अखंड.

काय निघालं

आघाताचा खड्डा नाही. मॅडमना वही आणि फोटो पाठवले, त्यांनीही तेच सांगितलं, आणि हेही सांगितलं की गोट्यांच्या तपासणीपेक्षा ही वही जास्त वजनाची आहे.

मग उंच कडा कुठून आली? हे विचारायला आम्ही फार उशीर केला. गावातल्या म्हाताऱ्या मंडळींना विचारलं तर बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर याच जागेतून मुरूम काढला होता, रस्त्यासाठी आणि बंधाऱ्यासाठी, आणि नको असलेला माल पूर्वेला-दक्षिणेला टाकला होता. म्हणून कडा दोनच बाजूंना आणि म्हणून त्यात सगळं मिसळलेलं. एका आजीनं तर तिथं गोटे वाहिले होते, ती म्हणाली, "तवा पोटासाठी खंदलं बापा, तुम्ही त्याले आभायातून पाडलं." मूळचा खोलगट भाग मात्र त्याआधीचा आहे यावर सगळ्यांचं एकमत. वरचा मांजऱ्या ठिसूळ, तो झिजला, खालचा फत्तर टिकला, मुरूम काढल्यानं कडा गोल दिसायला लागली, असं आमचं सध्याचं म्हणणं आहे. यातलं 'नाही' पक्कं आहे, 'मग कसं' हे तेवढं पक्कं नाही, आणि ग्रामसभेत तसंच सांगितलं.

ग्रामसभा सोपी गेली नाही. सरपंचताई नाराज झाल्या आणि ते लपवलं नाही. काही पोरांना वाटलं की मी मुद्दाम जमीनमालकाची बाजू घेतली. तिथं कामी आलं ते लेव्हल धरायला आलेल्या माणसांचं बोलणं. गवंडीभाऊ उभे राहून म्हणाले की नळी मी धरली होती, पाणी खोटं बोलत नाही. त्यानंतर वाद कमी झाला. खुलाशाचा मेसेज ग्रुपवर टाकला, तो पहिल्याइतका फिरला नाही, तो जुना व्हिडिओ अजूनही आहे.

विहिरींचा नकाशा शाळेच्या भिंतीवर मोठा करून काढला आहे. त्यात कुठं किती फुटांवर तांबडा लागणार हे दिसते, म्हणजे नवीन विहीर घेणाऱ्याला बांधकामाचा अंदाज आधीच येतो. याचा उपयोग लोक करून राहिले, हे मी पाहिलं आहे. आबाजींनी वेळेवर सोयाबीन पेरलं.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम. सगळ्यात मोठी गोष्ट हीच. म्हाताऱ्यांशी बोलणं आणि विहिरी पाहणं हे पहिलं पाहिजे होतं, चुंबक आणि नागपूर नंतर. नव्या गावात असा प्रश्न आला तर मी आधी विचारीन की इथं कधी कोणी खोदलं होतं का, मग जुना टोपोशीट (जमिनीची उंची-सखलता दाखवणारा नकाशा) आणि गावनकाशा काढीन, मग विहिरी, आणि गोटे सगळ्यात शेवटी. पोरांना आधी आकाश सुचते, जमिनीचा इतिहास नंतर, आणि गटातल्या मोठ्यांनी ते वळवायला पाहिजे.

दुसरं, पहिला मेसेज. 'सापडलं' ऐवजी 'असं दिसते, तपासून राहिलो' एवढं लिहिलं असतं तर आबाजींच्या तुरीत अनोळखी माणसं फिरली नसती. जमीनमालकाला विचारल्याशिवाय जागेचं लोकेशन टाकायचं नाही, हे तर कोणत्याही शोधात, मग तो क्रेटर असो, जुनी मूर्ती असो की गारगोट्यांची खाण असो. खरंच क्रेटर निघाला असता तर नुकसान जास्त झालं असतं, लोकांनी गोटे उचलून नेले असते आणि पुरावाच गेला असता.

तिसरं, मामाजींच्या शब्दावर धरलेल्या विहिरी. त्यांची आठवण दगडासारखी पक्की आहे, मोजलेल्या विहिरींशी त्यांचे आकडे फूटभराच्या आत जुळले, तरी अशा विहिरी वेगळ्या रंगात दाखवल्या हे बरं झालं. हे असंच करावं.

आणि एक राहिलेला प्रश्न आहे, तो त्याच पोराचा. ग्रामसभेनंतर बरेच दिवस तो माझ्याशी बोलला नाही, मग एकदा कॉलेजवर आला आणि म्हणाला, "सर, क्रेटर लाव्हाच्या आधीचा असंन तं? लाव्हा वरून गेला असंन, थर तर आडवेच दिसतीन." मला त्याचा फार अभिमान वाटला. हा खरा प्रश्न आहे. चंद्रावर असे लाव्हात बुडालेले क्रेटर आहेत, नुसती पुसट वर्तुळं उरलेली, त्यांना घोस्ट क्रेटर म्हणतात, ट्रँक्विलिटॅटिसमधलं लॅमाँट तसंच असावं असं मानतात. आमची वही या प्रश्नाला अर्धंच उत्तर देते. खाली बुजलेला खड्डा असता तर त्यावरचे थर मध्यभागी थोडे तरी बसायला पाहिजे होते, म्हणजे तांबडा पट्टा मध्ये खाली गेलेला दिसला असता. तो दिसत नाही. पण मध्यभागाजवळ आमच्याकडे विहीर एकच आहे, आणि नळीनं नेलेल्या लेव्हलमध्ये फूटभराची चूक धरावीच लागते. एका विहिरीवर किती भार टाकायचा?

त्यानं हे आबाजींनाही सांगितलं. आबाजींनी मनरेगातून सिंचन विहिरीसाठी अर्ज केला आहे, जागा धुऱ्याजवळ ठरली होती. आता ते म्हणतात, मंजूर झाली तर बरोबर मधात खंदतो, तुमचंही पाहून होईन.